आजीला हयातीचा दाखला, कंपनीला मुदतवाढ

तुम्ही काळाचौकीहून विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळावेत म्हणून चार खेपा झाल्या, दर वेळी नवा कागद मागतात, पैसे अजून सुरू नाहीत. इकडे फोनवर आकडा फिरतोय की उद्योगपतींची १६ लाख कोटींची कर्जं माफ झाली. ऑफिसात हे बोललात तर एका सहकाऱ्याने ऐकवलं, 'राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, आधी शिकून घे. देश बुडतोय तो लाडकी बहीणसारख्या रेवड्यांनी.' यात खरं कोणाचं आणि आपण चिडतोय ते चुकीचं आहे का, हे तुम्हाला हवंय.

मी ३१ वर्षं एका सरकारी बँकेत होते. त्यातली शेवटची १४ वसुली आणि थकीत कर्जांच्या विभागात गेली. फोर्टातल्या त्या मजल्यावर मी लहान माणसाची फाइलही हाताळली आणि हजार कोटींचीही. म्हणून पहिल्यांदा उत्तर देते, मग कारण सांगते. चिडणं बरोबर आहे. तुमचा सहकारी शब्दाने बरोबर आणि अर्थाने चुकीचा आहे. आणि तुम्ही ज्या आकड्यावर चिडलात त्यापेक्षा जास्त चिडण्यासारखी गोष्ट त्या आकड्यात दिसतच नाही: मदत कोणत्या अटीवर मिळते आणि किती दिवसांत मिळते.

आधी तो आकडा. मार्च २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६.३५ लाख कोटींची कर्जं राइट-ऑफ केली. निम्म्याहून अधिक रक्कम मोठ्या उद्योग आणि सेवा कंपन्यांची होती. म्हणजे आकडा खरा आहे. 'माफ' हा शब्द मात्र खरा नाही.

राइट-ऑफ कसं होतं ते एका कर्जावर बघा. बँकेने एका कंपनीला १०० कोटी दिले. ९० दिवस हप्ता किंवा व्याज आलं नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं. त्या क्षणापासून बँकेला आपल्या नफ्यातून त्या कर्जापोटी पैसे बाजूला काढावे लागतात, याला आम्ही प्रोव्हिजन म्हणतो. पहिल्या वर्षी साधारण १५ टक्के, मग वाढत वाढत काही वर्षांत पूर्ण १०० टक्के. इथे बँकेचा तोटा होऊन गेला. १०० कोटी नफ्यातून गेले, संपलं. त्यानंतर ते कर्ज ताळेबंदात ठेवून उपयोग नसतो, म्हणून चारेक वर्षांनी बँक ते ताळेबंदातून काढून वेगळ्या नोंदीत टाकते. कर्जदार देणेकरीच राहतो. कर्जवसुली न्यायाधिकरणातला दावा चालू राहतो, सरफेसीखाली, म्हणजे कोर्टाबाहेर तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याखाली, जप्ती चालू राहते, जामीनदारही सुटत नाही. तुमचा सहकारी इथवर बरोबर आहे.

पण यातून एक गोष्ट निघते, ती तो सांगत नाही. राइट-ऑफची बातमी आली त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. जे घडायचं ते चार-पाच वर्षांपूर्वी, कर्ज मंजूर झालं तेव्हा आणि मग ते 'सावरण्यासाठी' पुन्हा पुन्हा मुदत दिली तेव्हा घडून गेलेलं असतं. लोकांचा राग दर वेळी उशिरा पोहोचतो. तोवर ज्यांनी सही केली ते निवृत्त झालेले असतात.

दुसरं, माफी नाही म्हणजे वसुली झाली असं नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या उत्तरानुसार नऊ वर्षांत १४.५६ लाख कोटी राइट-ऑफ झाले आणि त्याच काळात राइट-ऑफ केलेल्या कर्जांतून वसूल झाले २.०४ लाख कोटी. शंभरातले चौदा. उरलेल्या शहाऐंशी रुपयांना कायद्याच्या भाषेत कर्जच म्हणतात, पण मी त्या फाइलींवरची धूळ झटकलेली आहे. ज्या कंपनीच्या कारखान्यात आता पत्राही उरलेला नाही, तिच्याकडून शहाऐंशी रुपये येणार नाहीत हे त्या मजल्यावरचा शिपाईसुद्धा सांगू शकला असता.

मग हा खड्डा भरला कोणी? २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने सरकारी बँकांत ३.१० लाख कोटींहून थोडं जास्त भांडवल घातलं. त्यातले २.७६ लाख कोटी रोख नव्हते, रोखे होते. सरकारने बँकेला रोखा विकला, बँकेने दिलेले पैसे भांडवल म्हणून परत बँकेतच आले. कागदावर एका हाताचं दुसऱ्या हातात. पण त्या रोख्यांवरचं व्याज दर वर्षी अर्थसंकल्पातून जातं, आणि अर्थसंकल्पात तुम्ही साबणावर भरलेला जीएसटीही असतो. काही भार थेट ग्राहकांवरही पडला. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून १,७७१ कोटींचा दंड गोळा केला होता. खात्यात हजार-दोन हजारही टिकत नाहीत अशा लोकांकडून. मार्च २०२० मध्ये बँकेने तो दंड बंद केला, हेही सांगायला हवं.

हे सगळं फुकट गेलं असंही नाही. २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या दर १०० रुपये कर्जातले १४-१५ रुपये अडकलेले होते. त्या बँका तशाच ठेवल्या असत्या तर पगार, पेन्शन, दुकानदाराचं कॅश क्रेडिट सगळं आखडलं असतं. २०२३-२४ मध्ये याच बँकांचा एकत्र नफा १.४१ लाख कोटी झाला. म्हणून 'बँका वाचवायलाच नको होत्या' या म्हणण्याला माझी साथ नाही. बँक वाचवणं आणि बँक बुडवणारा वाचवणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्या एकाच पाकिटात घालून दिल्या जातात.

आता दोन फाइली सांगते. नावं सांगणार नाही.

भांडुपचा एक माणूस होता, छोटा हत्ती चालवायचा. वाशी मार्केटमधून पहाटे भाजी आणून मुलुंडपर्यंत पोहोचवायचा. गाडीचा अपघात झाला, पायात रॉड घातला, तीन हप्ते चुकले. आमच्या नियमाप्रमाणे नोटीस गेली आणि गाडी यार्डात लागली. त्याची बायको ब्रँचमधून पत्ता घेऊन आमच्या मजल्यावर आली. पिशवीत स्टीलचा डबा होता. त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा, गठ्ठ्यांना केसांचे रबर लावलेले. मी टेबलावर मोजल्या, ६,३४० रुपये. दोन हप्तेही होत नव्हते. ती म्हणाली, 'मॅडम, गाडी सोडा, माझा भाऊ चालवेल, गाडी फिरली तरच पैसे येतील ना.' हे इतकं बरोबर होतं की मला उत्तर सुचलं नाही. गाडी बंद ठेवून कर्ज फिटत नाही हे अर्थशास्त्र तिने दोन वाक्यांत सांगितलं. पण शाखेच्या पातळीवर मुदत वाढवून द्यायचे अधिकार तेव्हा आमच्याकडे नव्हते, आणि वर पाठवायला फाइल फारच लहान होती. गाडी लिलावात गेली. लिलावाच्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यातली एक माझी.

त्याच आठवड्यात नरिमन पॉइंटला एका कंपनीच्या कर्जदात्या बँकांची बैठक होती. चौदा बँका, आमचा वाटा लहान. कंपनीला व्याज भरता येत नव्हतं, म्हणून व्याज भरायला नवं कर्ज हवं होतं. कारण काय, तर प्रकल्पाला उशीर झाला, मंजुऱ्या अडकल्या. 'चालू राहिला तरच पैसे येतील ना,' असं त्यांचे सल्लागार पडद्यावर आकडे दाखवत म्हणाले. शब्दसुद्धा तेच. फरक एवढाच की इथे ते म्हणणं मान्य झालं. परतफेड पुढे ढकलली, व्याजदर उतरवला, नवं कर्ज दिलं. मालकाने स्वतःचं काय घातलं हा प्रश्न एका बँकेच्या बाईंनी विचारला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, त्यावर नंतर येऊ. नंतर कोणी आलं नाही. तीन वर्षांनी तेच खातं दुपटीने फुगून एनपीए झालं.

ही एका बँकेची गोष्ट नाही, त्या काळची पद्धतच तशी होती. २००१ पासून सीडीआर होतं, म्हणजे बड्या कर्जांची फेररचना करायची योजना, मग २०१५ मध्ये एसडीआर आलं, २०१६ मध्ये एसफोरए. दर वेळी नवं नाव आणि जुनीच मुदतवाढ. २०१५ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची तपासणी लावली आणि झाकलेली भांडी उघडी पडली. १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने या सगळ्या योजना एका फटक्यात बंद केल्या. मोठ्या खात्यात एक दिवस जरी हप्ता चुकला तरी बँकेने हालचाल करायची, असा त्याचा रोख होता. आमच्या मजल्यावर त्या दिवशी अनेक जण घाबरले होते, मला मात्र पहिल्यांदा वाटलं की भांडुपचा नियम नरिमन पॉइंटला लागू होतोय. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केलं आणि जूनमध्ये त्याची मवाळ आवृत्ती आली.

दिवाळखोरी कायद्याने, म्हणजे २०१६ च्या आयबीसीने, काही चांगलं नक्की केलं. मालकाच्या हातून कंपनी जाऊ शकते ही भीती त्याने आणली. एस्सार स्टीलमध्ये बँकांना ४९ हजार कोटींच्या दाव्यांपैकी सुमारे ४१ हजार कोटी मिळाले, ते जुन्या पद्धतीने सात जन्मांत मिळाले नसते. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्या मालकावरही या कायद्याखाली कारवाई करता येते. पण व्हिडिओकॉनचा निकाल आठवा. जून २०२१ मध्ये कफ परेडच्या कंपनी न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली तीत मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे आणि मिळणार होते २,९६२ कोटी. सुटे भाग पुरवणारे, पॅकिंग करणारे, असे जे लहान पुरवठादार होते त्यांच्या वाट्याला दाव्याच्या पाऊण टक्क्याहूनही कमी येणार होतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती योजना रद्द झाली. तरी त्या पुरवठादारांचा विचार करा. त्यांना कोणी बँक म्हणत नाही, पण त्यांनी त्या कंपनीला उधारीवर माल दिला म्हणजे कर्जच दिलं होतं. तेही बुडालं, आणि तेही तुमच्या १६ लाख कोटींत मोजलेलं नाही.

आता वेगाबद्दल. २०१९ चा सप्टेंबर मी विसरू शकत नाही. शुक्रवारी, २० तारखेला, अर्थमंत्र्यांनी कंपनी कर ३० वरून २२ टक्के केल्याचं जाहीर केलं, नव्या कारखान्यांना १५ टक्के. सरकारचं स्वतःचं म्हणणं होतं की वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सुटेल. सेन्सेक्स त्या दिवशी १,९२१ अंकांनी चढला. दलाल स्ट्रीटवर टीव्हीच्या गाड्या लागल्या होत्या. सोमवारी, २३ तारखेला, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर (पीएमसी) निर्बंध आले: सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये. मंगळवारी सकाळी भांडुपला, मुलुंडला शाखांसमोर रांगा लागल्या. माझ्या ओळखीतल्या एका काकांचे निवृत्तीचे सगळे पैसे त्यात होते. त्यांनी शाखेच्या पायरीवर बसून मला फोन केला आणि विचारलं, 'हजार रुपये म्हणजे महिन्याला का?' सहा महिन्यांत मिळून, हे सांगायला मला तोंड उघडवेना. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली, पण बँकेचा प्रश्न मिटायला जानेवारी २०२२ उजाडला. तेव्हा ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यातून आले, त्यावर ज्यांचे होते त्यांना ते मिळायची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबवली. काका सत्तर ओलांडलेले आहेत.

मध्ये मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली. ५ तारखेला निर्बंध आले, काढायची मर्यादा ५०,०००. १३ तारखेला पुनर्रचनेची योजना अधिसूचित झाली, १८ तारखेला निर्बंध उठले. तेरा दिवस. स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, सात खासगी बँका-वित्तसंस्थांनी मिळून बाकीचे, एकूण १०,००० कोटी.

या दोन बँका एकसारख्या नव्हत्या, हे मान्य. येस बँक बुडाली असती तर तिच्याबरोबर आणखी काही बुडालं असतं. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकारही तेव्हा अपुरे होते, २०२० मध्ये कायदा दुरुस्त करून ते वाढवले. ठेव विम्याची मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली तीही फेब्रुवारी २०२० मध्ये, पीएमसीच्या ठेवीदारांनी रिझर्व्ह बँकेच्या दारात उन्हात उभं राहून आरडाओरडा केल्यानंतर. लोकांच्या रागाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

पण येस बँकेच्या बचावात एक गोष्ट नीट झाली होती, आणि ती कायम मागायला हवी. आधी मालक गेला. जुन्या भागधारकांचे बरेचसे शेअर तीन वर्षं अडकवून ठेवले. बँकेने काढलेले ८,४०० कोटींहून जास्त किमतीचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकतात असे रोखे, शून्य केले. यात काही सामान्य ठेवीदारही भरडले गेले, कारण त्यांना ते रोखे मुदत ठेवीसारखे आहेत असं सांगून विकल्याच्या तक्रारी होत्या, आणि त्यावरून न्यायालयीन लढाई झाली. पण तत्त्व बरोबर होतं: वाचवणाऱ्याने पैसे घातले आणि त्याबदल्यात मालकी घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टेट बँकेने त्यातला १३ टक्क्यांचा हिस्सा एका जपानी बँकेला ८,८८९ कोटींना विकला. अट घातली तर पैसे परत येतात, नफ्यासह येतात.

अमेरिकेत २००८ मध्ये हाच प्रश्न होता, म्हणून तिकडचं एकच सांगते. एआयजी ही विमा कंपनी वाचवताना तिथल्या सरकारने तिची ७९.९ टक्के मालकी घेतली होती, आणि शेवटी ते पैसे नफ्यासह वसूलही झाले. तरी लोक सगळ्यात जास्त भडकले ते मार्च २००९ मध्ये, जेव्हा त्याच कंपनीने अधिकाऱ्यांना १६.५ कोटी डॉलरचा बोनस वाटल्याचं उघड झालं. बचावाच्या रकमेपुढे बोनस किरकोळ होता. लोकांना हिशेब कळत नव्हता असं नाही, उलट त्यांना नेमकं कळलं होतं: घर गेलं त्याला अट आणि कंपनी बुडवली त्याला बक्षीस.

आता 'रेवडी'कडे येते. तुमच्या सहकाऱ्याने लाडकी बहीण काढली. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये, दोन कोटींहून अधिक बायका, राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी. रक्कम मोठी आहे, निवडणुकीच्या तोंडावर घाईने आणली, आणि तिच्यावर प्रश्न विचारायला मी कचरत नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी तिकडे वळवल्याची तक्रार मंत्रिमंडळातूनच झाली. गरिबाची एक योजना दुसऱ्या गरिबाच्या योजनेच्या पैशावर चालवायची, याला माझा विरोध आहे.

पण तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करा. १६ लाख कोटी हा दहा वर्षांचा आणि बँकांच्या ताळेबंदातला आकडा आहे, लाडकी बहीण हा एका वर्षाचा आणि राज्याच्या तिजोरीतला. हे दोन एकमेकांसमोर ठेवले की भांडण होतं, हिशेब होत नाही. खरी तुलना कंपनी कराशी आहे. तोही तिजोरीतला, तोही दर वर्षीचा. त्या सवलतीला अट काय होती? इतकी गुंतवणूक करा, इतक्या नोकऱ्या द्या, नाहीतर दर परत वर जाईल, असं काही नव्हतं. करमाफी आणि इतर सूट सोडायची, एवढंच. पुढे कंपनी कराची वसुली वाढली हे खरं आहे. पण केंद्राच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत लिहिलंय की ३३ हजारांवर कंपन्यांच्या नमुन्यात २०१९-२० ते २०२२-२३ दरम्यान करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, आणि नोकरभरती आणि पगार त्या मानाने वाढले नाहीत. हे विरोधी पक्षाचं पत्रक नाही, अर्थ मंत्रालयाचं पुस्तक आहे. सहकाऱ्याला तेवढं पान दाखवा.

दुसऱ्या बाजूला लाडक्या बहिणींची पात्रता पुन्हा तपासली, लाखोंचे हप्ते थांबवले, ई-केवायसी सक्तीची केली. खोटे लाभार्थी असतील तर काढायलाच हवेत. मला एवढंच म्हणायचंय की ही कडक तपासणी १,५०० रुपयांना लागते आणि १.४५ लाख कोटींना लागत नाही.

आणि तुमच्या आजीचं प्रकरण. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ पासून तेवढाच. तेव्हा भांडुपला वडापाव काही रुपयांत मिळत होता. श्रावणबाळमध्ये १,५०० होतात ते राज्य आपली भर घालतं म्हणून. आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये आहे, वर्षाला. महिन्याला १,७५०. मुंबईत एवढ्या उत्पन्नात कोण जगतं? म्हणजे कार्यालयात जाऊन प्रत्येकाला एक तर खोटं बोलावं लागतं किंवा परत यावं लागतं. म्हातारीला खोटं बोलायला लावणारी ही अट कोणी बदलत नाही, कारण तिच्यासाठी नरिमन पॉइंटला बैठक बसत नाही. काळाचौकीच्या माणसाला हे मी काय सांगावं. तुमच्या आजूबाजूच्या गिरण्या 'आजारी' म्हणून सरकारने ताब्यात घेतल्या, २००५ मध्ये लोअर परळची एकटी मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, आणि गिरणी कामगार अजून घराच्या सोडतीची वाट बघतायत.

मग राग कुठे न्यायचा? मी तरी तीन ठिकाणी नेते. बँक वाचवल्याची बातमी आली की मी आधी बघते मालकाची मालकी किती गेली, त्याच्या वैयक्तिक हमीचं काय झालं. गेली नसेल तर तो बचाव नाही, देणगी आहे. करसवलत जाहीर झाली की बघते मुदत आणि अट आहे का. आणि जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकावर माझा आजही आक्षेप आहे: त्यात जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशी आणि फसवणूक ठरलेल्या खात्यांशीही तडजोड करायला बँकांना वाट दिली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला होता, आणि त्यांचं बरोबर होतं. भांडुपच्या त्या माणसाने पुढे तडजोड करून उरलेलं फेडलं, तरी त्याच्या नावापुढचा 'सेटल्ड' शेरा वर्षानुवर्षं गेला नाही. नवी गाडी त्याला सावकाराच्या व्याजावर घ्यावी लागली. तुमच्या खासदाराला लिहायचं असेल तर या एका परिपत्रकावर लिहा. आकड्यावर लिहिलंत तर 'राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे' असं ठरलेलं उत्तर येईल.

आजीचं काम त्याआधी करा. उत्पन्नाचा दाखला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात बसतो. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून करा, म्हणजे अर्ज क्रमांक आणि तारखेची पावती मिळते. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर त्याच कायद्याखाली पहिलं अपील करता येतं, आणि विनाकारण अडवलं असेल तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड होऊ शकतो. श्रावणबाळचं काम बघणाऱ्या संजय गांधी योजनेच्या कार्यालयात कागद दिलात की स्थळप्रतीवर शिक्का घ्या. आणि 'अजून एक कागद आणा' असं पाचव्यांदा म्हणाले तर कोणता कागद, कोणत्या नियमाखाली, ते लिहून मागा. माझ्या अनुभवात लिहून मागितलं की निम्मे कागद लागेनासे होतात. आजीला प्रत्येक खेपेला उन्हातून नेऊ नका, तिची सही असलेलं अधिकारपत्र तुमच्याजवळ ठेवा. हयातीच्या दाखल्यापुरतंच तिला न्या, सकाळी दहाच्या आत, रांग लागायच्या आधी.